डीकेएमध्ये ड्रिप चालू असतानाच लाँग-ॲक्टिंग इन्सुलिन, तुमच्याकडे देतात का?

यावलचा_मामा | १९ मे, रात्री १०:४०

मंडळी, जरा लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही. डीकेए म्हणजे इन्सुलिन फार कमी पडून रक्तात कीटोन नावाचे आम्ल पदार्थ साचतात ती अवस्था.

माझा भाचा, वय १९, टाइप वन डायबेटिस, आठवीत असताना निघाला. जळगावला रूम करून शिकतो. रात्री ९ ला ग्लार्जिन, म्हणजे लाँग-ॲक्टिंग इन्सुलिन, १८ युनिट आणि जेवणाआधी तीनदा रॅपिड, म्हणजे झटपट काम करणारं. गेल्या सप्टेंबरात ताप आला, उलट्या सुरू झाल्या, पोटात पाणी टिकेना. रूमवरच्या पोरांनी सांगितलं खाल्लंच नाही तर इन्सुलिन कशाला घेतो, शुगर लो होईल. त्यालाही पटलं. दोन रात्री इंजेक्शन बंद. तिसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तर पोरगा भिंतीला टेकून बसलेला, बटणं उघडी, छाती भात्यासारखी चालू, आणि तोंडाला असा वास की केळीच्या वखारीत शिरल्यासारखं वाटलं. मशीनवर आकडाच नाही, नुसतं 'हाय'. ताई विचारते हाय म्हणजे काय रे, तर मलाही माहीत नव्हतं. सहाशेच्या वर गेली की आकडा येत नाही हे नंतर कळलं.

ॲडमिट केलं, नाव लिहीत नाही. सलाईन, इन्सुलिनची ड्रिप, सगळं झालं. पहाटे पाचला शुगर १८० आली आणि ड्रिप काढली. आम्ही खुश. रात्रीचं ग्लार्जिन मी दोनदा विचारलं तर उत्तर मिळालं की ते घरी गेल्यावर, इथे स्लायडिंग स्केल (शुगर बघून त्या त्या वेळी इन्सुलिन) चालू आहे. संध्याकाळी शुगर ४३०, कीटोन परत, ड्रिप परत, सलाईनसाठी नवीन शीर शोधली. सहा दिवस काढले तिथे.

आता या महिन्यात दुसऱ्यांदा झालं. पेन गाडीच्या डिकीत राहिलं, मे महिना, जळगावचं ऊन, इन्सुलिन खराब झालं असणार. यावेळी दुसऱ्या हॉस्पिटलला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी आयसीयूत ड्रिप लावली आणि पहिल्या दोन तासांतच मला मेडिकलवरून ग्लार्जिनचं नवीन पेन आणायला लावलं, आणि त्याचे रोजचे १८ युनिट पोटावर दिले. आमचे भाऊजी घाबरले, म्हणे दोन दोन इन्सुलिन एकाच वेळी? पण दुसऱ्या दिवशी दुपारी ड्रिप निघाली आणि शुगर परत चढलीच नाही. तिसऱ्या दिवशी घरी.

मला विचारायचंय की हे बरोबर आहे का, आणि बरोबर असेल तर सगळीकडे का करत नाहीत? नातेवाइकाने हे मागायचं की नाही?

---

साक्रीकर | १९ मे, रात्री १०:५८

मन्हा आंडोरले बी असंच व्हयनं व्हतं भो. ड्रिप काढी आनि परत चढनी. पोऱ्या बरा शे ना आते?

---

यावलचा_मामा | १९ मे, रात्री ११:०४

हो दादा, एकदम बरा. आज आमरस मागून राहिला होता.

---

कॅज्युअल्टीची_ताई | २० मे, सकाळी ६:१५

नाईट संपवून लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. धुळ्याला १४ वर्षं सिस्टर आहे.

मामा, तुमच्या भाच्याच्या पहिल्या वेळेला काय झालं ते मी डोळ्यांनी कितीतरी वेळा पाहिलंय. आम्ही ५० युनिट रेग्युलर, म्हणजे साधं लवकर काम करणारं इन्सुलिन, ५० मिली सलाईनमध्ये घेतो, म्हणजे एका मिलीत एक युनिट. आपल्याकडे व्हायल ४० ची, म्हणजे मिलीला ४० युनिटची, असते म्हणून सव्वा मिली काढावं लागतं, आणि नवीन पोरींना आम्ही पहिलं हेच घोकून घ्यायला लावतो. नळीच्या प्लास्टिकला इन्सुलिन चिकटतं म्हणून आधी थोडं वाहू देतो, मगच पेशंटला जोडतो. तासाला दर किलोला ०.१ युनिट, म्हणजे ५० किलोच्या पोराला तासाला ५ मिलीवर पंप. दर तासाला बोट टोचायचं.

आता शिरेतून दिलेल्या या इन्सुलिनचं आयुष्य मिनिटांचं असतं. पंप बंद केला की दहा-पंधरा मिनिटांत रक्तात नावालाही उरत नाही. टाइप वनच्या पोराच्या अंगात स्वतःचं काहीच नाही. मग त्या क्षणाला तो परत तिथेच आला ना जिथून आला होता. आणि आकडा १८० दिसतो म्हणून सगळ्यांना वाटतं बरा झाला. शुगर आधी उतरते, कीटोन मागून उतरतात, कधी कधी आठ-दहा तास मागून. म्हणून शुगर २५० च्या खाली आली की ड्रिप काढायची नसते, डेक्स्ट्रोजचं सलाईन जोडायचं असतं. साखर द्यायची आणि इन्सुलिनही चालू ठेवायचं. नातेवाईक आमच्याशी भांडतात, डायबेटिसच्या पेशंटला ग्लुकोज लावलं म्हणून. समजावून सांगायला वेळ नसतो तेव्हा, म्हणून इथे सांगतेय.

---

केळीबाग_रावेर | २० मे, सकाळी ८:३०

ताई, किती सोपं करून सांगितलं. मी शेतकरी आहे, माझ्या भाषेत मांडून पाहतो. ड्रिप म्हणजे ठिबक. व्हॉल्व्ह बंद केला की मे महिन्यात केळीची पानं दुपारपर्यंत माना टाकतात, वरची माती कोरडी. ग्लार्जिन म्हणजे जमिनीतली ओल. ओल धरलेली असली तर व्हॉल्व्ह बंद झाला तरी झाड एक दिवस तग धरतं. मामांच्या दुसऱ्या डॉक्टरांनी ठिबक चालू असतानाच ओल धरून घेतली. बरोबर का?

---

कॅज्युअल्टीची_ताई | २० मे, सकाळी ८:४१

भाऊ, हे मी आता वॉर्डात असंच सांगणार.

---

मेडिकलवाले_आण्णा | २० मे, दुपारी १:२०

माझं मत वेगळं आहे आणि स्पष्ट सांगतो. अमळनेरला २२ वर्षं मेडिकल चालवतो, इन्सुलिन रोज हातातून जातं.

पहिली गोष्ट. इमर्जन्सी म्हटली की झटपट काम करणारं औषध पाहिजे. ग्लार्जिन सुरू व्हायलाच दोन-तीन तास घेतं आणि पुढे चोवीस तास अंगात राहतं. एकदा टोचलं की परत काढून घेता येत नाही, ड्रिप निदान बंद तरी करता येते. दुसरी. पेशंट सुकलेला असतो, बीपी खाली, हातपाय थंड, अशा वेळी चरबीतून इन्सुलिन किती शोषलं जाईल याचा भरवसा नाही. तिसरी आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठी, वॉर्डात ४० पेशंटला एक सिस्टर. रात्री तीनला शुगर ५० झाली तर कोण बघणार? मामांचा भाचा सुदैवी, आयसीयूत होता.

आणि चौथं, ग्लार्जिन दिसायला पाण्यासारखं स्वच्छ. रेग्युलरही स्वच्छ. जुनं एनपीएच (मध्यम वेळ टिकणारं इन्सुलिन) दुधाळ असायचं, बघताच कळायचं. उद्या कोणी घाईत ग्लार्जिन ड्रिपमध्ये भरलं तर?

---

तापीकाठची_लेक | २० मे, दुपारी १:५२

आण्णांचा चौथा मुद्दा वाचून अंगावर काटा आला. माझी मुलगी १० वर्षांची आहे, टाइप वन. मी आत्ता उठून फ्रीजमधल्या दोन्ही पेनांवर वेगळ्या रंगाच्या चिकटपट्ट्या लावून आले.

---

सातपुडा_एमडी | २० मे, रात्री ११:३०

मी नंदुरबार जिल्ह्यात फिजिशियन आहे. धागा दुपारीच पाहिला होता, ओपीडी आणि मग एक डीकेएच आली त्यामुळे आत्ता लिहितोय.

आण्णा, तुमचे चारही मुद्दे खरे आहेत, त्यामुळे एकेक घेतो. आधी एक गैरसमज काढू. ग्लार्जिन इमर्जन्सीवर उपचार म्हणून कोणी देत नाही. इमर्जन्सीचा उपचार म्हणजे सलाईन, पोटॅशियम आणि रेग्युलर इन्सुलिनची ड्रिप, याच क्रमाने. ड्रिपऐवजी ग्लार्जिन असं कोणी कुठे वाचलं असेल तर ते डोक्यातून काढा. ग्लार्जिन दिलं जातं ते ड्रिप निघेल त्या वेळेसाठी. ते हळू सुरू होतं हीच त्याची अडचण नि म्हणूनच ते आधी टोचायचं. रूढ पद्धतीतसुद्धा ड्रिप बंद करायच्या एक-दोन तास आधी लाँग-ॲक्टिंग द्यायचं असतं, त्यात वाद नाहीच. मामांच्या भाच्याला पहिल्या वेळी तेही मिळालं नाही. वाद आहे तो इतकाच की ते शेवटी द्यायचं की सुरुवातीलाच.

इंग्लंडच्या मार्गदर्शक सूचना बरीच वर्षं सांगतात की पेशंट घरी जे लाँग-ॲक्टिंग घेतो ते डीकेएमध्येही नेहमीच्या डोसने नेहमीच्या वेळी चालू ठेवा, आणि ज्याला आजच डायबेटिस निघालाय त्याला दर किलो ०.२५ युनिटने सुरू करा. अमेरिकन आणि युरोपियन संस्थांनी मिळून २०२४ ला जी एकत्रित भूमिका काढली, तिनेही ड्रिपसोबत कमी डोसचं बेसल, म्हणजे लाँग-ॲक्टिंग, दिल्याने ड्रिपनंतरची चढ टळते आणि लो होण्याचं प्रमाण वाढत नाही, हे नोंदवलंय. २०१२ साली ६१ पेशंटवर एक अभ्यास झाला, सगळे डीकेएचे नव्हते, पण सगळे इन्सुलिन ड्रिपवर होते. निम्म्यांना पहिल्या बारा तासांत ०.२५ ने ग्लार्जिन दिलं. ड्रिप काढल्यावर शुगर १८० च्या वर उसळली ती ग्लार्जिन न मिळालेल्यांपैकी ९४ टक्क्यांत, आणि मिळालेल्यांपैकी ३३ टक्क्यांत. २०२३ चा थायलंडचा अभ्यास फक्त डीकेएचा, ६० पेशंट, त्यात सुरुवातीलाच ग्लार्जिन मिळालेले सरासरी तीनेक तास लवकर डीकेएतून बाहेर आले. हे आकडे लहान आहेत हे मान्य. ५०-६० पेशंटचा अभ्यास म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. पण सगळ्यांची दिशा एक आहे.

आता पोटॅशियम, कारण धाग्यात कोणी त्याचं नाव घेतलं नाही आणि माणूस दगावतो तो बऱ्याचदा त्यानेच. इन्सुलिन साखरेबरोबर पोटॅशियमही पेशीत ढकलतं. आधीच उलट्यांनी नि लघवीवाटे ते गेलेलं असतं, रक्तात मात्र नॉर्मल दिसतं. ३.५ च्या खाली असेल तर आधी पोटॅशियम, मग इन्सुलिन, मग शुगर 'हाय' का असेना. ग्लार्जिन जोडलं म्हणजे इन्सुलिन वाढलं, म्हणून पोटॅशियमवर डोळा आणखी बारीक ठेवावा लागतो. लहान मुलांत तर नक्कीच. तिथे मेंदूला सूज येण्याची भीती असते, त्यांचं सलाईन आणि इन्सुलिन दोन्ही वेगळ्या हिशोबाने चालतं, ते बालरोगवाल्यांनीच बघावं. किडनी गेलेल्या पेशंटला आणि फार म्हाताऱ्या माणसाला मी ०.२५ देत नाही, कमी देतो.

आण्णांचा रात्री तीनचा मुद्दा. ड्रिप चालू आहे तोवर दर तासाला शुगर होतेच, डेक्स्ट्रोज जोडलेलं असतं, त्या काळात ग्लार्जिनचं ओझं दिसून येतं आणि पंप कमी करता येतो. खरा धोका ड्रिप निघाल्यावर, पेशंट जेवत नसेल आणि कोणी बघत नसेल तर. जिथे दर तासाला शुगर होणं शक्य नाही तिथे डीकेएचा पेशंटच ठेवू नये असं मला वाटतं, सलाईन चालू करून पुढे पाठवावा. अक्कलकुवा-धडगावहून घाट उतरून येणारे पेशंट आम्ही बघतो, वाटेत गेलेले ते तास त्यांना किती महागात पडतात ते माहीत आहे. तिथल्या मेडिकल ऑफिसरने एक लिटर नॉर्मल सलाईन लावून पाठवलं तरी निम्मी लढाई झालेली असते.

आणि चौथा मुद्दा, ग्लार्जिन शिरेत कधीच नाही. ते आम्ल द्रावणात विरघळवलेलं असतं, चामडीखाली गेलं की तिथे त्याचे बारीक कण बनतात आणि ते कण हळूहळू विरघळतात, म्हणून ते चोवीस तास पुरतं. शिरेत गेलं तर ही युक्तीच राहत नाही. दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळायचंही नाही. आण्णांची भीती अगदी योग्य आहे.

---

मेडिकलवाले_आण्णा | २१ मे, सकाळी ९:०५

डॉक्टरसाहेब, एवढं बैजवार लिहिलं त्याबद्दल आभार. जो घरी आधीच ग्लार्जिन घेतो त्याचं चालू ठेवावं, हे मला पटलं. त्याच्या अंगाला डोस माहीत आहे. पण आजच निदान झालेल्या पेशंटला पहिल्या दोन तासांत साध्या वॉर्डात द्यावं, हे अजून पटत नाही. आणि जिथे ग्लार्जिन नाहीच तिथे काय? गावाकडच्या फ्रीजमध्ये रेग्युलर नि तीस-सत्तर (मिश्र इन्सुलिन) एवढंच दिसतं.

---

सातपुडा_एमडी | २१ मे, दुपारी ३:१०

साध्या वॉर्डाबद्दल आपण सहमत आहोत आण्णा, मीही आयसीयूत किंवा एचडीयूतच (जास्त देखरेखीच्या वॉर्डात) करतो. ग्लार्जिन २०२२ पासून आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ ला लाँग-ॲक्टिंग ॲनालॉग यादीत घेतले. यादीतून फ्रीजमध्ये यायला वेळ लागतोय हे खरं. नसेल तर एनपीएच बेसल म्हणून चालतं, दिवसातून दोनदा द्यावं लागतं. तीस-सत्तर मात्र डीकेएच्या मध्यात नको, त्यात झटपटचा हिस्सा असतो आणि पेशंट जेवत नसतो.

---

पाचोऱ्याची_सून | २१ मे, सायंकाळी ६:४५

विषयाला धरून आहे म्हणून लिहिते. आमच्या सासऱ्यांना टाइप टू. गोळ्याच चालू, त्यात एक नवीन गोळी होती, नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येतं ती. चैत्रात वणीला सप्तशृंगीच्या गडावर पायी जायचं त्यांचं वर्षानुवर्षं आहे. यंदाही निघाले, उपास धरला, ऊन होतं, गोळ्या मात्र रोज न चुकता घेतल्या. तिसऱ्या दिवशी उलट्या. वाटेत एका ठिकाणी दाखवलं, शुगर १९०, म्हणाले पित्त झालं. दुसऱ्या ठिकाणी परत १९०-२००, परत पित्त. घरी आणलं तेव्हा बोलणं अडखळत होतं आणि श्वास तसाच, मामांनी लिहिलाय तसा. तिसऱ्या डॉक्टरांनी गोळ्यांची पाकिटं मागितली, ती गोळी पाहिली आणि लगेच एबीजी (रक्त किती आम्ल झालंय ते दाखवणारी तपासणी) काढायला लावली. पीएच ७.०८. डीकेएच होती, फक्त शुगर न वाढलेली.

त्यांनाही ड्रिप, डेक्स्ट्रोज पहिल्यापासूनच, आणि दुसऱ्या दिवशी लाँग-ॲक्टिंग चालू केलं. आता ती गोळी कायमची बंद. आकडा २०० च्या आत म्हणजे डीकेए नाही असं कोणी सांगितलं तर कृपा करून गोळ्यांची पाकिटं दाखवा.

---

सातपुडा_एमडी | २१ मे, रात्री १०:२०

ताई, हे लिहिलंत ते फार मोलाचं आहे. ती गोळी लघवीवाटे साखर बाहेर काढते म्हणून आकडा खाली दिसतो, आत मात्र इन्सुलिन कमी पडून कीटोन बनत राहतात. २०२० नंतर स्वस्त झाली आणि खूप लोकांना चालू आहे, हृदयाला नि किडनीला उपयोगी औषध आहे म्हणून घाबरून स्वतःहून बंद करू नका. पण कडक उपास, उलट्या, ऑपरेशन, या दिवसांत ती थांबवायची असते. नवरात्राचे उपास धरणाऱ्यांनी आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावं. २०२४ च्या नव्या निकषांत शुगरची रेघ २०० वर आणलीय, आणि आधीपासून डायबेटिस असेल तर शुगर त्याखाली असली तरी डीकेए धरा, असं स्पष्ट लिहिलंय.

---

भुसावळ_जंक्शन | २२ मे, सकाळी ७:५०

मामा, पेन डिकीत राहिलं ते वाचून लिहितो. मी रेल्वेत रनिंगमध्ये आहे, गाडीवर बारा-चौदा तास. आपल्याकडे मे मध्ये ४५-४६ म्हणजे नेहमीचं. माझं इन्सुलिन मी असं नेतो. दोन मातीची बोळकी, एक लहान एक मोठं, मध्ये ओली वाळू, लहान बोळक्यात प्लास्टिकच्या डबीत पेन, वरून ओलं फडकं. घरी हेच मोठ्या माठात. आपलं ऊन कोरडं आहे म्हणून पाणी भराभर उडतं आणि आत चांगलंच गार राहतं. पावसाळ्यात तेवढं गार होत नाही, पण तेव्हा तेवढी गरजही नसते. डबी घट्ट हवी, कार्ट्रिजला पाणी लागू द्यायचं नाही. वापरात असलेलं पेन ३० डिग्रीच्या आत २८ दिवस चालतं, न उघडलेलं फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही, गोठलं की संपलं.

---

साक्रीकर | २२ मे, सकाळी ८:१०

जंक्शन भो, तुन्हा माठमा इन्सुलिन आनि मन्हा माठमा ताक. पाहुना उना ते गल्लत नको व्हवाले 😄

---

भुसावळ_जंक्शन | २२ मे, सकाळी ८:१४

😄 घरात वेगळा माठ आहे दादा, लाल रंगाने मोठा अधिकचा प्लस काढून ठेवलाय.

---

तापीकाठची_लेक | २२ मे, सकाळी ११:३०

माझा प्रश्न आहे. मुलीच्या लघवीची कीटोन पट्टी हॉस्पिटलमध्ये दुसऱ्या दिवशी आणखी गडद जांभळी आली होती, मी रडायलाच लागले होते. पण डॉक्टर म्हणाले ती सुधारतेय. असं कसं?

---

कॅज्युअल्टीची_ताई | २२ मे, दुपारी ४:००

ताई, तुमच्यासारख्या कितीतरी आया मी त्या पट्टीकडे बघून रडताना पाहिल्या आहेत. डीकेएत जास्त असतो तो कीटोन एका प्रकारचा, पट्टीला तो दिसतच नाही. बरं होताना तो दुसऱ्या प्रकारात बदलतो आणि पट्टीला नेमका तोच दिसतो, म्हणून पट्टी गडद होते. रक्तातला कीटोन मोजणारी मशीन असेल तर ती खरं सांगते. नसेल तर एबीजी नि बायकार्ब (रक्तातलं आम्ल शमवणारा क्षार). पीएच ७.३ वर आणि बायकार्ब १८ ला पोचलं, पोर जेवायला मागू लागली, की आम्ही सुटकेचा श्वास सोडतो.

---

चोपडेकर | २२ मे, रात्री ९:२५

झाकणांचं कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. आईची व्हायल ४० ची. एकदा लाल झाकणाची सिरिंज मिळाली नाही, नारंगी झाकणाची आणली, माझीच चूक. लाल म्हणजे ४० ची, नारंगी म्हणजे १०० ची. आईने नेहमीसारखं २० च्या रेघेपर्यंत भरलं. प्रत्यक्षात गेले फक्त ८ युनिट. आठवडाभर असंच चाललं, शुगर ४८० झाली, भरती करावं लागलं, सिस्टरने पिशवीतली सिरिंज हातात घेतली आणि एका सेकंदात ओळखलं. उलटं झालं असतं, म्हणजे १०० चं औषध लाल झाकणात, तर २० च्या रेघेला ५० युनिट गेले असते. तो विचार आला की अजून झोप उडते.

---

मेडिकलवाले_आण्णा | २२ मे, रात्री ९:४०

हे आमच्या काउंटरवरच थांबायला पाहिजे. गिऱ्हाईक नुसतं "इन्सुलिनची सुई द्या" म्हणतं. मी व्हायल दाखवल्याशिवाय सिरिंज देत नाही, लोक रागावतात, रागावू दे.

---

नवा_सभासद_शहादा | २३ मे, दुपारी १२:१०

सगळं वाचलं. पण मामांच्या मूळ प्रश्नाचं एक टोक राहिलं. नातेवाइकाने हे मागायचं की नाही? डॉक्टरला औषध सुचवलं तर राग येत नाही का?

---

सातपुडा_एमडी | २३ मे, रात्री ११:०५

मला नाही येत. "ग्लार्जिन द्याच" असा हट्ट धरू नका, कारण पोटॅशियम किती, किडनी कशी, पेशंट शुद्धीवर आहे का, हे समोरच्याला दिसत असतं. पण एक माहिती आणि दोन प्रश्न प्रत्येक नातेवाइकाचा हक्क आहेत. माहिती ही की हा घरी रात्री अमुक वाजता अमुक युनिट घेतो आणि शेवटचं कधी घेतलंय. पहिला प्रश्न, ते इथे चालू ठेवणार का. दुसरा, ड्रिप काढायच्या किती आधी ते दिलं जाईल. तुमच्याकडून शेवटचा डोस कळला तर आमचं काम सोपं होतं. दर तिसरा नातेवाईक सांगतो, "पांढऱ्या डबीतलं निळं काहीतरी घेतो."

---

यावलचा_मामा | २४ मे, सकाळी ९:१५

सगळ्यांचे आभार मानायला शब्द कमी पडतील. काल रात्री ताई, भाऊजी, भाचा आणि मी बसून हा धागा मोठ्याने वाचला. भाऊजींना केळीबाग भाऊंचं ठिबक लगेच समजलं, म्हणे आधी असं कोणी सांगितलं असतं तर त्या रात्री मी डॉक्टरांशी हुज्जत घातली नसती. भाचा म्हणाला उलट्या होत असताना रात्रीचं बंद करायचं नसतं हे मला सहा वर्षांत कोणी सांगितलंच नाही. कदाचित सांगितलं असेल, आठवीतल्या पोराच्या लक्षात किती राहणार.

मग एका कार्डावर लिहून त्याच्या पाकिटात ठेवलंय, लॅमिनेशन करून. इथे टाकतो, चुकलं असेल तर सांगा.

"मला टाइप वन डायबेटिस आहे. रात्री ९ ला ग्लार्जिन १८ युनिट, जेवणाआधी रॅपिड. जेवलो नाही तरी ग्लार्जिन बंद करत नाही. उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास असेल तर शुगर कितीही असो, कीटोन आणि पोटॅशियम तपासा. ड्रिप काढण्याआधी लाँग-ॲक्टिंग द्या. ग्लार्जिन शिरेतून देऊ नका. शेवटचा डोस: ____" आणि खाली ताईचा नि माझा नंबर.

---

सातपुडा_एमडी | २४ मे, दुपारी २:३०

बरोबर आहे. वजन पण लिहा, ड्रिपचा हिशोब वजनावर असतो. बेशुद्ध पेशंटचं वजन आम्ही अंदाजे धरतो.

---

मेडिकलवाले_आण्णा | २४ मे, दुपारी ३:१०

मामा, हे कार्ड मी छापून काउंटरवर ठेवलं तर चालेल का? नाव, डोस, वजन, नंबर कोरे सोडतो. शिरेतून देऊ नका ही ओळ लाल शाईत घेतो.

---

यावलचा_मामा | २४ मे, दुपारी ३:२२

अहो आण्णा, विचारता काय, छापा. मागच्या बाजूला लाल झाकण-नारंगी झाकणाचंही टाका. पन्नास कार्डं मलाही द्या, यावलच्या दोन मेडिकलला मी स्वतः नेऊन देतो.

---

तापीकाठची_लेक | २४ मे, दुपारी ३:४०

मला एक लहान मुलांच्या दप्तरासाठी. गळ्यात अडकवता येईल असं भोक पाडून.